हातचा एक

"बाबा, डोंगर चढायचाय आपल्याला, वाळवंट नाही ओलांडायचं," लेक म्हणाली, तेव्हा पेंटर चौथी बाटली पिशवीत कोंबत होता.

बाटल्या लिटर-लिटरच्या. चालणाऱ्यांच्या मंडळातून सगळ्यांना निरोप आला होता की माणशी दोन पुरेत, वाटेत पाणी आहे, आणि कुठे आहे ते पाट्यांवर लिहिलेलं आहे. पेंटरनं तो निरोप तीनदा वाचला होता. लेकीला म्हणाला, असू दे गं, या वयात घसा लवकर सुकतो. तिनं हसून सोडून दिलं. बापाचं वय साठ, गुडघे कुरकुरणारे, त्यात आयुष्यात पहिल्यांदा चोवीस किलोमीटर चालायला निघालेला. नेऊ दे बापडा पाणी, असं तिला वाटलं असणार.

पण खाई त्याला खवखवे म्हणतात, ते उगाच नाही. पेंटरचा घसा महिनाभर आधीपासून सुकलेला होता, आणि त्याचं कारण वयात नव्हतं.

गोष्ट सोळा वर्षांपूर्वीची. वनखात्यानं डोंगरावरच्या लांब पायवाटेसाठी वीस पाट्या रंगवायला दिल्या होत्या. पेंटर काही डोंगर बघायला गेला नाही. त्यानं पाट्या दुकानातच, दोन स्टुलांवर आडव्या टाकून रंगवल्या. त्याची पद्धत ठरलेली. अक्षरं मोजायची, मधोमध खूण करायची आणि मधून दोन्हीकडे खडूनं अक्षरं मांडत जायची, म्हणजे डावीकडे-उजवीकडे जागा सारखी सुटते. मग आधी उजवा अर्धा रंगवायचा, नंतर डावा. आधी उजवाच का, ते त्याच्या उस्तादाला ठाऊक. पेंटरनं कधी विचारलं नाही. चौदाव्या पाटीवर 'पाणी १२ कि.मी.' लिहायचं होतं. मध्य नेमका एक आणि दोनच्या मधे आला. उजवीकडचं '२ कि.मी.' झालं, डावीकडचं 'पाणी' झालं, आता एक तेवढा काढायचा, इतक्यात दहा वर्षांची लेक शाळेतून आली. नवा कंपास होता, त्याच्या झाकणावर नाव हवं होतं, आणि आत्ताच्या आत्ता हवं होतं. पेंटरनं बारीक ब्रश घेतला, नाव काढलं, नावाशेजारी एक फूलही काढून दिलं. परत वळला तोवर बाहीनं खडू पुसला गेला होता. पाटी पुरी दिसत होती. मधली मोकळी जागा दोन शब्दांमधली वाटली. त्यानं वॉर्निश मारलं आणि पंधरावी पाटी घेतली.

पाट्या गेल्यावर दोन दिवसांनी रंगाच्या डब्याखाली खात्याचा कागद सापडला, आणि त्यावरचा बारा बघून पेंटरला सुटलेला एक आठवला. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, कळवून टाका, पाण्याचा मामला आहे. तो म्हणाला, उद्या कळवतो. शहरात त्याचं नाव होतं, की पेंटरच्या हातून काना-मात्रा सुटत नाही, आणि ते नाव त्याला जिवापेक्षा प्यारं होतं. शिवाय त्या डोंगरावर जातंय कोण, चार शेळ्या. त्यांना कुठे वाचता येतं? तर तो उद्या काही उगवला नाही. मधे बायको गेली. फ्लेक्स आले, ब्रशचं काम गेलं. दुकानाचं शटर अर्धं खाली आलं ते आलंच.

आणि आता लेक, जी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते, ती या चालणाऱ्यांच्या मंडळात दाखल झाली आणि तिला शोध लागला की यंदाची पावसाळ्यानंतरची मोठी चाल त्याच वाटेवरून आहे. बाबांच्या पाट्यांची वाट, असं तिनं मंडळात सगळ्यांना सांगून टाकलं. पेंटरनं गुडघा पुढे केला, सर्दी पुढे केली, काही चाललं नाही. तिनं त्याचं नाव आधीच दिलं होतं. पोरगी बापाचं कौतुक करायला त्याला घेऊन निघाली होती, आणि बाप चार बाटल्या घेऊन.

पहिली पाटी पायथ्याशीच लागली. रंग उडाला होता, पण अक्षर तसंच उभं. मंडळात दहा जण होते. त्यांत सगळ्यांत वडील म्हणजे गणिताच्या बाई, शाळेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झालेल्या, हातात काठी, डोक्याला रुमाल. त्या पाटीसमोर थांबल्या आणि चाळीस वर्षं फळ्यावर लिहिणाऱ्या माणसाच्या अधिकारानं म्हणाल्या, की असा 'र' काढणारा माणूस खोटं वागणार नाही. लेकीनं मान ताठ केली. पेंटरनं बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

मंडळाचा म्होरक्या होता निवृत्त पोस्टमन. पाय अजून पोलादी, आणि मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. नेहमीची वाट दरड कोसळून बंद झाली होती, म्हणून तो या बाजूनं प्रथमच येत होता. पण पोस्टमनला पत्ता लिहिलेला असला म्हणजे बस्स. पाटी आहे, बाण आहे, अंतर आहे, अजून काय पाहिजे, असं तो दर पाटीला म्हणायचा आणि पेंटरच्या पाठीवर थाप मारायचा. दर थापेला पिशवीतल्या बाटल्या डुचमळायच्या.

चढण संपली आणि पठार लागलं. पेंटरनं आयुष्यभर रंग डब्यांतून काढले होते; एवढे रंग सांडलेले त्यानं कधी पाहिले नव्हते. जिथवर नजर जाईल तिथवर घोट्याएवढी पिवळी फुलं, त्यांत मधेच जांभळ्याचे पट्टे, दगडांच्या कडेनं पांढरे बारीक तुरे. वारा आला की सगळं पठार एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळायचं. पलीकडे एकामागे एक डोंगर, पुढचा हिरवा, मागचा निळा, त्याच्या मागचा नुसता धूर. लेक फोनमध्ये बघून फुलांची लांबलचक नावं सांगत होती. पेंटरला एकही नाव धरता येईना. ती म्हणाली, तुम्ही काय म्हणाल यांना? तो म्हणाला, ही लेमन यलो, ती गोल्डन यलो, आणि ते जांभळं दुकानात मिळत नाही, दोन डबे मिसळावे लागतात. ती इतकी हसली की बाईंनी मागे वळून पाहिलं. घटकाभर पेंटर खरोखर विसरला. लेकीसोबत असा दिवस बायको गेल्यापासून आला नव्हता. तो आपल्या हातानं नासायचा की काय, असं त्याच्या मनात आलं, आणि विसरलेलं सगळं परत आलं.

चौदावी पाटी पठाराच्या टोकाला असणार होती. चढणीला सगळ्यांच्या मागे असलेला पेंटर आता सगळ्यांच्या पुढे निघाला. मनात एकच आस होती. सोळा पावसाळे झाले, पडली असेल, गंजली असेल, कुणीतरी उपटून नेली असेल.

पाटी जागेवर होती. 'पाणी', मग मोकळी जागा, मग '२ कि.मी.' पण त्या मोकळ्या जागेत कुणीतरी खिळ्यानं एक कोरला होता. वाकडा, पत्र्यावर ओरखडावा तसा, पण एकच. कुणी तहानलेला माणूस एवढ्यासाठी परत मागे आला होता. पेंटरला आधी हायसं वाटलं. झालं की काम. आपण तोंड उघडायची गरजच नाही, वाचतील आणि सावध होतील.

मग मागून लेकीचा आवाज आला. "बाबा, तिथंच थांबा, पाटीसोबत फोटो काढते. बाई, इकडे या, ही सगळ्यांत मोठी पाटी आहे बाबांची."

आणि पेंटरचा हात उठला. त्यानं उचलला असं म्हणवत नाही, पण हात त्याचाच होता. टेकून उभं राहावं तसा तो पाटीवर टेकला, आणि तळवा बरोबर त्या एकावर बसला. झाकली मूठ सव्वा लाखाची. लेकीनं फोटो काढला. दहाच्या दहा जण आले, वाचलं, खूश झाले. पोस्टमन म्हणाला, दोनच किलोमीटर राहिलं पाणी, मग कशाला वाहायचं ओझं, इथंच चहा टाकू. छोटा स्टोव्ह निघाला. सगळ्यांच्या बाटल्यांतलं पाणी पातेल्यात गेलं. बाईंची टाच बुटानं सोलली होती, ती त्यांनी निवांत धुतली, रुमाल भिजवून तोंड पुसलं, आणि उरलेलं पाणी शेजारच्या फुलांवर ओतलं.

पेंटर पाटीला टेकून उभाच होता. चहा झाल्यावर सांगू, असं त्यानं स्वतःला सांगितलं. लेकीनं चहाचा पेला आणून त्याच्या रिकाम्या हातात दिला. तो चहाही तो प्यायला.

दोन किलोमीटर झाले तेव्हा पोस्टमननं घड्याळ बघितलं, आजूबाजूला बघितलं, आणि म्हणाला, आता लागेलच. तीन झाले. चार झाले. पठार संपून डोंगराची धार सुरू झाली, दोन्हीकडे दऱ्या आणि डोक्यावर ऊन. फुलं इथंही होती, पण आता कुणी वाकून बघत नव्हतं. पाचव्या किलोमीटरला पोस्टमन पेंटरशेजारी येऊन चालू लागला आणि हळूच म्हणाला, पाटीत काही घोटाळा तर नसेल? ती वेळ होती. पेंटर म्हणाला, कागदावर खात्यानं जे दिलं तेच मी लिहिलं. वाक्य इतकं सरळ बाहेर पडलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. लेक मागून आली होती. तिनं ऐकलं आणि ती फटकन म्हणाली की बाबांच्या हातून अशी चूक होणं शक्य नाही, खात्यातल्या कुणीतरी बसल्या जागी आकडा ठोकला असणार. पोस्टमननं माफी मागितली. पेंटरची माफी. त्या माफीपेक्षा त्यानं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

पिशवीत तीन बाटल्या अजून भरलेल्या होत्या. त्या काढाव्यात, असं पेंटरला दर पावलाला वाटे. पण माणशी दोन सांगितलेल्या असताना कोण कशाला चार आणेल? बाटली काढली की तोंड न उघडताच सगळं सांगून झालं. म्हणून तो चालत राहिला, पाठीवर तीन लिटर पाणी आणि शेजारी सुकलेल्या ओठांनी चालणारी लेक.

आठव्या किलोमीटरला बाई बसल्या. बसल्या म्हणजे पायच दुमडले. चेहरा पांढरा, आणि काठी हातातून निसटून उतारावर घरंगळली. लेकीनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि कुणाकडे घोटभर तरी आहे का, म्हणून विचारलं. सगळ्यांनी रिकाम्या बाटल्या उलट्या करून दाखवल्या.

तेव्हा कुठे पेंटरनं पिशवी उघडली. एक, दोन, तीन. बाई प्यायल्या, मग सगळ्यांना बुचाबुचानं पाणी वाटलं. आणि मग जे झालं ते पेंटर मरेपर्यंत विसरणार नाही. लोकांनी त्याचे हात हातात घेतले. देवासारखे आलात, म्हणाले. मंडळातली दुसरी एक बाई तर रडली. पोस्टमन सगळ्यांना सांगू लागला की बघा, याला म्हणतात जुना माणूस, पाण्याची किंमत जाणणारा. लेक मात्र त्या तीन बाटल्यांकडे बघत होती, आणि रिकाम्या चौथीकडे, जी सकाळी तिच्याच समोर पिशवीत गेली होती.

पाणी लागलं ते संध्याकाळच्या तोंडाला. खडकातून येणारी बोटाएवढी धार आणि खाली दगडी कुंड. सगळे पोटभर प्याले. बाई सोललेली टाच पाण्यात सोडून बसल्या. रंग परत आला तशी गणिताची बाईही परत आली. त्यांनी पोस्टमनला विचारलं, पाटीपासून किती भरले?

"बारा," पोस्टमन म्हणाला.

"आणि पाटीवर होते दोन." बाई पाण्याकडे बघत होत्या, कुणाकडेच बघत नव्हत्या. "मोजणाऱ्याची चूक एक-दीडची असते, फार तर तीनची. बरोब्बर दहाची चूक मोजणाऱ्याची नसते. ती लिहिणाऱ्याची. पोरं बेरजेत करतात तशी. हातचा एक राहिला."

कुणी मनावर घेतलं नाही. ज्याला दमल्यावर पाणी मिळालंय तो बेरीज करत नाही. पण लेकीनं फोन काढला. पेंटरला दिसलं की तिनं पठारावरचा फोटो उघडला आणि दोन बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला. दिवसभर ती दुकानात लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावते; तिचे डोळे चांगले आहेत. फोटोत बाप हसत होता, तळवा पाटीवर, आणि करंगळीखालून खिळ्यानं कोरलेल्या रेघेचं शेपूट बाहेर आलं होतं. तिनं फोन बंद करून खिशात ठेवला. पेंटरनं कुंडात हात घातले आणि उगाचच धूत बसला.

परतीच्या बसमध्ये ती त्याच्याशेजारी बसली. दुसरी जागा रिकामी होती तरी त्याच्याचशेजारी. खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "चार बाटल्या, बाबा."

त्यानं सगळं सांगितलं. कागद, डबा, आईनं काय सांगितलं होतं, खिळ्यानं कोरलेला एक, हात. फक्त कंपासाचं सांगितलं नाही. एक काढायचा राहून गेला, एवढंच म्हणाला. ती म्हणेल, म्हणजे माझ्यामुळे. आणि ते तिनं जन्मभर वाहावं असं काही तिनं केलेलं नव्हतं.

लेक म्हणाली, "मी सगळ्यांना सांगत सुटले होते. तुमच्या हातून चूक होत नाही म्हणून." मग थांबून म्हणाली, "चूक झाली त्याचं काही नाही हो. मी भांडले तेव्हा तुम्ही ऐकत होतात." ती रडत नव्हती. रडली असती तर पेंटरला तिला जवळ घेता आलं असतं.

"बाईंना सांगा," ती म्हणाली.

उद्या सांगतो, हे पेंटरच्या जिभेवर आलं होतं. त्यानं ते गिळलं आणि उठला. बस वळणावळणांवरून उतरत होती. एकेका सीटचा दांडा धरत तो पुढे गेला, बाईंच्या आणि पोस्टमनच्या सीटसमोर उभा राहिला आणि बोलला. हळू बोलायचा विचार होता, पण इंजिनाच्या आवाजात मोठ्यानं बोलावं लागलं, त्यामुळे सगळ्या बसनं ऐकलं. पाटी चुकली ती माझ्या हातून, खात्याचा काही दोष नाही. मला माहीत होतं. दुपारी मी तो आकडा हातानं झाकला. बाई, तुम्ही पडलात ते माझ्यामुळे.

पोस्टमननं तोंड फिरवलं. जी बाई रडली होती ती आता त्याच्याकडे बघेना. बाईंनी मात्र चष्मा काढून पुसला, परत लावला आणि त्याच्याकडे नीट बघितलं.

"सकाळी मी तुमच्या 'र'बद्दल बोलले होते," त्या म्हणाल्या. "ते मागे घेते." आणि तो परत वळल्यावर, "अक्षर मात्र चांगलंय. जाऊन दुरुस्त करा."

पुढच्या रविवारी पेंटर एकटाच निघायच्या तयारीत होता. पाव लिटरचा पिवळा डबा, दोन नंबरचा ब्रश, सॅंडपेपर, एक खडू. दार ओढताना लेक बूट घालताना दिसली. आठवडाभर ती कामापुरतंच बोलत होती. आता तिनं डबा त्याच्या हातातून घेऊन आपल्या पिशवीत ठेवला.

पठारावरची निम्मी फुलं आठ दिवसांत गळून गेली होती. जांभळी तर जवळजवळ संपली होती. पेंटरनं खिळ्याचा ओरखडा घासून सपाट केला आणि खडूनं खूण केली. जागा पुरेशी होती. सोळा वर्षं ती त्या एकासाठीच मोकळी राहिली होती. बाकीचा रंग पिकून मातकट झालेला, त्यात हा नवा पिवळा ठळक उठून दिसणार होता. जुन्या रंगाशी जुळवायचा तर डब्यात थोडी माती कालवली की झालं, ही युक्ती त्याला येत होती. त्यानं कालवली नाही.

एक काढून झाला तेव्हा खालून एक नवरा-बायको वर आले. नवऱ्यानं पाटी वाचली, ओला रंग बघितला आणि विचारलं, तुम्ही खात्याचे का? चूक त्यांच्या आता लक्षात आली वाटतं.

लेक आठ-दहा पावलांवर उभी होती. दुकानात डोळे तपासायचा तक्ता लावतात तेवढ्या अंतरावर.

"नाही," पेंटर म्हणाला. "पाटी माझीच आहे. चूकही माझीच. एक लिहायचा राहिला होता."

त्या माणसानं आपली बाटली कानाशी नेऊन हलवून बघितली. बायकोचीही हलवून बघितली. मग दोघं आपसात काहीतरी बोलले आणि पाणी भरून आणायला आल्या वाटेनं परत खाली उतरले.

"येतंय का वाचता?" पेंटरनं लांबून विचारलं.

"बारा," लेक म्हणाली. ती आली आणि दगडावर टेकली.

रंग वाळायला तास तरी लागणार होता. वारा होता, वर येणारी माणसं होती. कुणाचा हात लागू नये म्हणून पेंटर पाटीजवळ बसून राहिला, स्वतःचे हात मांडीखाली घेऊन.